मायनक्राफ्टमधील गुहेचा नकाशा कसा वाचावा?



गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर पाचवीतला एक मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, उणे वीस म्हणजे खाली ना?" पाचवीला ऋण संख्या नाहीत. मी विचारलं, "हे कुठे वाचलंस?" मग सगळी हकीकत कळली. दादाच्या मोबाइलवर मायनक्राफ्ट खेळताना तो एका गुहेत उतरला, रस्ता चुकला आणि गेममध्ये मेला. सुट्टीभर जमवलेले हिरे तिथेच पडले. पडलेल्या वस्तू पाच मिनिटांत नाहीशा होतात. "नकाशा होता मॅडम, पण मला तो कळलाच नाही," असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते.

याच मुलाच्या वर्णनात्मक नोंदीत मी लिहिलं होतं, 'नकाशावाचनात सराव आवश्यक'. पण सराव कसा करायचा, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही चौकटीची वही घेऊन बसलो. आजचा पाठ त्यातूनच तयार झाला आहे. चला तर मग, सुरुवात करूया.

गेमची थोडक्यात ओळख

मायनक्राफ्ट हा ठोकळ्यांचा खेळ आहे. २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली. यातला प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, रुंद आणि उंच मानतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या १.१८ या आवृत्तीत गुहा खूप मोठ्या झाल्या आणि जगाचा तळ -६४ पर्यंत खाली गेला. हिरे १६ या पातळीच्या खाली मिळू लागतात आणि जसजसं खाली जाऊ तसतसे ते वाढतात. म्हणून सगळ्यांना खोल गुहा हव्या असतात.

तीन आकडे, तीन दिशा

मोबाइलवर सेटिंगमध्ये जाऊन निर्देशक दाखवण्याचा पर्याय चालू करा. संगणकावरच्या जावा आवृत्तीत एफ-३ हे बटण दाबा. पडद्यावर तीन आकडे दिसतील. समजा, ते ४०, ७०, -२५ असे आहेत.

• पहिला आकडा एक्स. तो वाढला की आपण पूर्वेकडे जातो, कमी झाला की पश्चिमेकडे.
• मधला आकडा वाय. ही उंची आहे. समुद्राची पातळी साधारण ६३ धरा.
• शेवटचा आकडा झेड. तो वाढला की दक्षिण, कमी झाला की उत्तर.

झेडपाशी नीट थांबा. आलेख कागदावर आपण वरच्या बाजूला धन संख्या लिहितो. नकाशात वर उत्तर असते, पण या गेममध्ये उत्तरेला जाताना झेड कमी होत जातो. बहुतेक मुलं इथेच फसतात. आमचाही पहिला प्रयत्न इथेच फसला आणि आम्ही ६० ठोकळे उलट्या दिशेला चालत गेलो!

गुहेचा नकाशा म्हणजे पावाचा काप

गेममध्ये मिळणारा साधा नकाशा फक्त जमिनीचा वरचा भाग दाखवतो. त्यात झाडं, नद्या दिसतात, पण जमिनीखालची गुहा दिसत नाही. गुहेचा नकाशा वेगळा असतो. प्रत्येक जगाला 'सीड' नावाचा एक क्रमांक असतो. तो क्रमांक दिल्यावर काही संकेतस्थळं त्या जगाचा नकाशा काढून देतात. मात्र तिथे आपली आवृत्ती बरोबर निवडावी लागते. ती चुकली, तर नकाशा भलत्याच जगाचा निघेल.

आता एक पाव डोळ्यांसमोर आणा. सुरीने तो आडवा कापला की आतली भोकं दिसतात. गुहेचा नकाशा हा असाच एका उंचीवरचा आडवा काप असतो. म्हणून नकाशा हातात आल्यावर आधी विचारा, "हा काप कोणत्या उंचीचा आहे?" मग सूची पाहा. पोकळी कोणत्या रंगात आहे आणि दगड कोणत्या रंगात, हे तिथे कळेल.

आता आकार ओळखूया.

• मोठा, पसरट डाग दिसला तर ते भव्य दालन असू शकतं. खेळाडू अशा गुहांना 'चीज' गुहा म्हणतात.
• लांब, नागमोडी पट्टा म्हणजे बोगदा. याला 'स्पॅगेटी' आणि अगदी बारीक असेल तर 'नूडल' म्हणतात.
• एकटा छोटा ठिपका फसवा असतो. तो वरून खाली जाणाऱ्या बोगद्याचा काप असू शकतो.

एकाच कापावर कधीही विश्वास ठेवू नका. -२० चा काप पाहिला, तर ० आणि -१० चे कापही पाहा. तिन्ही ठिकाणी डाग जवळपास त्याच जागी असेल, तर ते उंच छताचं दालन आहे. एकाच कापात असेल, तर छत बुटकं आहे.

एक उदाहरण सोडवूया

तुम्ही उभे आहात: एक्स ४०, वाय ७०, झेड -२५.
दालन आहे: एक्स १२०, वाय -२०, झेड -८५.

एक्स: १२० - ४० = ८०, म्हणजे ८० ठोकळे पूर्वेला.
झेड: -२५ वरून -८५ वर जायचं आहे. आकडा ६० ने कमी होतो, म्हणजे ६० ठोकळे उत्तरेला.
वाय: ७० वरून ० पर्यंत ७० आणि पुढे -२० पर्यंत २०. एकूण ९० ठोकळे खाली.

वाय काढताना मी फळ्यावर उभी संख्यारेषा काढली होती. वर ७०, मध्ये ०, खाली -२०. ऋण संख्या न शिकलेल्या त्या मुलाने ९० हे उत्तर स्वतः काढलं.

खाली कसं उतरायचं?

पायाखालचा ठोकळा कधीही खणायचा नाही. थेट दालनाच्या छतातून पडाल किंवा लाव्हात जाल. -५४ च्या खालच्या पोकळ्या बहुधा लाव्हाने भरलेल्या असतात. त्यापेक्षा जिना खणा. जिन्यात एक पाऊल पुढे गेलं की एक ठोकळा खाली जातो. आपल्याला ९० खाली जायचंय, म्हणजे ९० पावलांचा जिना लागेल. आडवं अंतर एकूण ८० + ६० = १४० आहे. तेव्हा १४० - ९० = ५० ठोकळे जमिनीवरून पूर्वेला चाला आणि तिथून जिना सुरू करा. असं केलं की आपण छतातून न पडता भिंतीतून दालनात शिरतो. निघण्यापूर्वी ४० आणि १० चे कापही पाहून घ्या. वाटेत दुसरी गुहा किंवा पाणी लागू शकतं.

आत जाताना मशाली उजव्या हाताच्या भिंतीवर लावा. परत येताना त्या डावीकडे दिसल्या, तर वाट बरोबर आहे.

खऱ्या गुहेतही हेच

खऱ्या गुहांचे नकाशे काढणारे लोक आत जाताना अंतर, दिशा आणि चढउतार मोजत जातात. मग ते वरून दिसणारं आणि बाजूने दिसणारं, अशी दोन चित्रं काढतात. २३ जून २०१८ रोजी थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक पुराच्या पाण्यामुळे अडकले. १० जुलैपर्यंत ते सगळे सुखरूप बाहेर आले. त्या शोधात आधीच्या अभ्यासकांनी काढून ठेवलेले गुहेचे नकाशे उपयोगी पडले. गेममध्ये हिरे जातात, इथे तेरा जीव अडकले होते. नकाशा वाचता येणं ही किती मोलाची गोष्ट आहे, हे यावरून लक्षात येईल.

करून पहा

१. चौकटीच्या वहीत एक चौकट = ४ ठोकळे हे प्रमाण घेऊन वरचं उदाहरण काढा. वरून एक चित्र आणि बाजूने एक.
२. तुम्ही आहात: १०, ६५, ३०. गुहा आहे: -३०, -१५, ५०. कोणत्या दिशांना किती जाल? सरळ जिना यात मावेल का? मावत नसेल तर काय कराल?
३. घरापासून शाळेपर्यंतची वाट दिशा आणि पावलं मोजून काढा. यासाठी मोबाइल लागणार नाही.

पालकहो, मूल गेम खेळताना दिसलं तर वेळेची मर्यादा जरूर घाला. पण एकदा शेजारी बसून "आत्ता तू कुठे आहेस?" हेही विचारा. माझ्या विद्यार्थ्याचे हिरे परत आले नाहीत. मात्र तिसरं उदाहरण त्यानेच वर्गाला फळ्यावर करून दाखवलं आणि मी त्याची ती नोंद बदलली.