गरोदरपणातील बद्धकोष्ठ : एरंडेलाची घाई नको

गरोदर बाया माझ्याकडे तपासणीला येतात. वजन होते, रक्तदाब होतो, बाळाचे ठोके ऐकून होतात. निघताना दारापर्यंत गेल्या की मागे वळून हळूच म्हणतात, "बाई, चार-चार दिवस संडासला होत नाही हो." ही तक्रार जाता जाता सांगण्याची नाही. तीत लाजण्यासारखे काही नाही आणि ती अंगावर काढण्यासारखीही नाही.

गर्भ राहिला की शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक वाढते. गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवून ते गर्भ सांभाळते. पण त्याच्यामुळे आतड्यांचे स्नायूही सुस्तावतात. अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात मोठे आतडे मळातले पाणी शोषून घेते आणि मळाचा खडा होतो. पुढच्या महिन्यांत वाढलेल्या गर्भाशयाचा दाबही पडतो. मग कुंथणे आले, मूळव्याध आली, शौचाच्या जागी चीर पडून रक्त दिसू लागले. कुंथल्याने गर्भ पडतो ही भीती मात्र मनातून काढून टाका; निरोगी गर्भ असा पडत नाही. ज्यांची वार खाली आहे किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला आहे, त्यांनी तेवढे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

दुसरे कारण म्हणजे लोहाची गोळी. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस लाल गोळी देतात. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. या गोळीने काहींना खडा होतो, शौचाचा रंग काळा होतो. काळ्या रंगाला घाबरू नका. पण खडा होतो म्हणून कित्येक बाया गोळ्या डब्यात साठवून ठेवतात आणि बाळंतपणाला येतात तेव्हा रक्त सात ग्रॅमवर आलेले असते. बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला, तर असे शरीर तो सोसू शकत नाही. गोळी सोडू नका, त्रास सांगा. गोळीचा प्रकार बदलता येतो, वेळ बदलता येते. ती चहा-दुधासोबत घेऊ नये आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे.

तिसरे कारण पुस्तकात थोडक्यात असते, आपल्या जिल्ह्यात ते मोठे आहे. शेतात निंदायला-खुरपायला गेलेली बाई पाणी कमी पिते, कारण आडोसा नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठकडून ऊसतोडीला गेलेल्या बाया कोपीत राहतात. तिथे शौचाला अंधार पडण्याची वाट पाहावी लागते. घरात संडास आहे पण पाणी नाही, अशीही घरे आहेत. आलेली शौचाची भावना रोज दाबली की काही दिवसांनी ती येईनाशीच होते. परभणीच्या उन्हाळ्यात तर घामानेच अंगातले पाणी जाते. तेव्हा घरच्या माणसांनो, सुनेच्या वाट्याची पाण्याची घागर आधी भरा, मग तिला ताकद यावी म्हणून डिंकाचे लाडू करा.

आहाराचे म्हणाल, तर आपली ज्वारीची भाकरी उत्तम. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ साली इक्रिसॅटच्या सहकार्याने 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण आणले. त्यात लोह व जस्त अधिक आहे (म्हणून गोळी बंद करायची नाही!). 'परभणी क्रांती' भेंडीही इथलीच. भेंडी, गवार, शेपू, अंबाडी, मोड आलेली मटकी, सालासकट डाळी, पेरू, पिकलेली केळी, रात्री भिजवलेले काळे मनुके यांतले रोज काही ना काही पोटात जावे. एकदम मारा करू नका, पोट फुगते; आठवड्या-दोन आठवड्यांत वाढवत न्या. दिवसाला आठ-दहा पेले पाणी हवे, ताक वेगळे. आणि एकादशी, चतुर्थी, गुरुवार असे तीन-तीन उपास साबुदाण्यावर काढणाऱ्या गरोदर बाईला मी सरळ रागावते. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतोच.

सकाळी उठल्यावर पेलाभर कोमट पाणी प्यावे आणि घाई न करता शौचाला बसावे. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्यावा. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली नसेल, तर अर्धा तास चालावे.

आता मुख्य मुद्दा. गेल्या उन्हाळ्यात पालमकडची एक पहिलटकरीण आठव्या महिन्यात कळा येतात म्हणून आली. पाच दिवस पोट साफ नव्हते, म्हणून घरच्यांनी एरंडेल पाजले होते. "पोटही साफ होईल, अन् वेळेवर मोकळीही होईल," असा हिशेब. रात्रभर जुलाब, उलट्या, जीभ कोरडी. सलाईन लावल्यावर कळा थांबल्या, तिचे नशीब. एरंडेलातील रिसिनोलिक आम्ल आतड्याबरोबर गर्भाशयालाही चेतवते. गरोदरपणात ते घरी घेऊ नये, नवव्या महिन्यातही नाही. बाजारातल्या पोट साफ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. वनस्पतीचे आहे म्हणून ते आपल्या मनाने खाऊ नये. साबणाच्या पाण्याचा एनिमा घरी नकोच.

मग घ्यायचे काय? इसबगोल. एक-दोन चमचे पेलाभर पाण्यात टाकून लगेच प्यावे आणि वर आणखी एक पेला पाणी. पाण्यावाचून इसबगोल घेतले तर उलट अडकते. लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवावे. त्याने भागले नाही तर डॉक्टर लॅक्ट्युलोजचे पातळ औषध देतात. ते आतड्यातच राहून पाणी ओढते आणि बाळाला अपाय करीत नाही.

पोटात जोराची कळ, उलट्या आणि वारासुद्धा सरत नाही, ताप, शौचातून बरेच रक्त, अंगावरून रक्त वा पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे. यांपैकी काही दिसले, तर इसबगोल भिजवत बसू नका, दवाखाना गाठा. बाकी साध्या तक्रारीसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. २०१६ पासून ती सुरू आहे.

एक गोष्ट सासवांनी आणि नणंदांनी ध्यानात ठेवावी. दिवस भरत आले असताना बाई एकाएकी "मला संडासला लागली" म्हणाली आणि पोट थांबून थांबून दगडासारखे होत असेल, तर ती बद्धकोष्ठाची कळ समजू नका. बाळाचे डोके गुदाशयावर दाबू लागले की तशीच भावना होते. अशा वेळी तिला एकटीला संडासात किंवा शेताकडे पाठवू नका. आधी १०८ ला फोन लावा.