खोडदच्या तबकड्या आणि रक्तातलं यीस्ट

नारायणगाव सोडून खोडदच्या रस्त्याला लागलं की शेतांपलीकडून तारेच्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या डोकावू लागतात. एकेकीचा व्यास ४५ मीटर. एकूण ३०, पैकी १४ इथेच जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना पांगलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचं एक मोठं काम म्हणजे विश्वातल्या हायड्रोजनचा माग काढणं. २१ सेंटिमीटरची रेडिओ लहर ही त्याची खूण.

ती पहिल्यांदा पकडली हार्वर्डच्या हॅरल्ड यूएन आणि एडवर्ड पर्सेल यांनी, २५ मार्च १९५१ रोजी. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर काढलेला त्यांचा कर्णा प्लायवूडचा होता. पाऊस आला की पाणी थेट आत, आणि हिवाळ्यात विद्यार्थी त्यात नेम धरून बर्फाचे गोळे टाकायचे! पर्सेलना पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं ते मात्र वेगळ्याच कामासाठी, फेलिक्स ब्लॉख यांच्यासोबत: चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रांना रेडिओ लहरींनी बोलतं करण्यासाठी. एमआरआय त्यातूनच आला. रक्तातलं कॅन्डिडा हे यीस्ट ओळखणारं ‘टी-टू-कॅन्डिडा’ हे तंत्रसुद्धा.

यीस्ट ओळखायची घाई कशाची? आयसीयूतला रुग्ण, मानेत सेंट्रल लाइन, भारी अँटिबायोटिक्स चालू, तरी ताप हटत नाही. रक्त कल्चरला लावायचं आणि वाट बघायची. बाटलीत वाढ दिसायला दोन-तीन दिवस सहज जातात. खोलवर संसर्ग झालेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत ती दिसतच नाही.

टी-टू-कॅन्डिडा ही वाट बघणंच टाळतं. तांबड्या पेशी फोडायच्या, यीस्टच्या पेशी बारीक मण्यांबरोबर घुसळून डीएनए मोकळा करायचा, तो पीसीआरने वाढवायचा. मग त्यात चुंबकीय नॅनोकण सोडायचे. कॅन्डिडाचा डीएनए असला की हे कण त्याला धरून घोळका करतात, आणि भोवतालच्या पाण्यातल्या हायड्रोजनचा संकेत विरायला लागणारा वेळ बदलतो. यंत्र तेवढा वेळ मोजतं. मिलिलिटरभर रक्तात एक ते तीन पेशी असल्या तरी पुरतं. उत्तर तीन ते पाच तासांत. अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

अर्थात, स्वस्तातली जुनी जर्म ट्यूब चाचणीही काही कमी नाही. अर्धा मिलिलिटर मानवी सीरममध्ये यीस्टचा कण मिसळून ३७ अंशांवर दोन-तीन तास ठेवायचा आणि थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा. मोड आलेल्या मटकीसारखी, बुडाशी न आवळलेली नळी दिसली, तर बहुधा कॅन्डिडा अल्बिकन्स. अडचण एकच: त्यासाठी यीस्ट आधी कल्चरवर वाढलेलं लागतं.

टी-टूच्या मूळ यादीत पाचच प्रजाती आहेत. अनेक औषधांना सहसा दाद न देणारी कॅन्डिडा ऑरिस, जी दिल्लीतल्या १२ रुग्णांत आढळल्याची नोंद २०१३ मध्ये झाली, त्यात नाही. कोणतं औषध लागू पडेल हेही यंत्र सांगत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी रक्त काढताना कल्चरची बाटलीही भरावीच लागते.