बुलेट विकली, स्कूटर घेतली : आवडीची गाडी आणि धंद्याची गाडी



कोकणातल्या गावात गाडी ही माणसाची ओळख असते. अंधारात नुसता आवाज आला तरी पडवीत बसलेल्या माणसाला कोण आलं ते कळतं. दिवेआगरात माझी ओळख बुलेटच्या आवाजाची होती. त्याआधी कॉलेजात दीडशे सीसीची बाइक, त्याआधी वडिलांच्या राजदूतच्या टाकीवर बसून केलेल्या बोर्लीपंचतनच्या फेऱ्या. थोडक्यात, गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं.

गेल्या दिवाळीनंतर ती बुलेट मी विकली आणि इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. "काय रे, तब्येत बरी आहे ना?" हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा होता : "सर, आम्हीही बदलू का?" त्याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. हिशोब कसा मांडायचा ते मात्र सांगता येतं. वही घ्या.

आधी एक आठवडा लिहून काढा

सात दिवस गाडीची प्रत्येक फेरी लिहा. कुठे गेलात, किती किलोमीटर, सोबत काय माल होता आणि गाडी कोणी चालवली. हा शेवटचा रकाना विसरू नका, त्याच्यावर मी परत येणार आहे.

माझं किराणा आणि कोकणमेव्याचं दुकान आहे. सीझनमध्ये होमस्टेवाल्यांचे सकाळी सहापासून फोन सुरू होतात : दूध, अंडी, पाव, नारळ, पाण्याचे जार. फेऱ्या दोन-दोन, तीन-तीन किलोमीटरच्या. दिवसभरात बेरीज तीस किलोमीटरच्या आसपास. गाडी कितीदा चालू-बंद होते ते मोजायलाच नको. आरावी-कोंडविलवरून श्रीवर्धनपर्यंत समुद्राकडेने जाणारा तो सुंदर रस्ता माझ्या आठवड्यात एकदासुद्धा आला नाही! दोनशे किलोच्या आसपासची गाडी सुपारीच्या वाड्यांमधल्या पाखाड्यांत वळवण्यात दिवस जात होता.

आता आकडे

सोपा हिशोब करू. पेट्रोल 105 रुपये लिटर धरा. छोट्या फेऱ्यांमध्ये बुलेट लिटरला 30 किलोमीटर देते असं धरा. म्हणजे दिवसाला 105 रुपये. इलेक्ट्रिक स्कूटरला 30 किलोमीटरसाठी, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज पकडून, सव्वा युनिट धरा. युनिटचा दर 12 रुपये धरला तर 15 रुपये झाले. दिवसाला 90 रुपये वाचले, महिन्याच्या 25 दिवसांचे 2,250.

ही सगळी रक्कम नफा समजू नका. बॅटरी कधीतरी थकणार आहे. म्हणून दरमहा 750 रुपये बॅटरीच्या नावाने वेगळे टाका. उरले 1,500. खरा आकडा हा.

आता हाच हिशोब लिटरला 60 किलोमीटर देणाऱ्या शंभर सीसी गाडीचा करा. 30 किलोमीटरला अर्धा लिटर, साडेबावन्न रुपये. बचत दिवसाला साडेसदतीस, महिन्याला साडेनऊशेच्याही आत. नवी स्कूटर 1 लाख 10 हजारांची असेल तर पैसे वसूल व्हायला जवळजवळ दहा वर्षं, तीही बॅटरीचा खर्च न धरता. तेव्हा तुमची शंभर सीसी गाडी नीट चालत असेल आणि फिरणं कमी असेल, तर शेजाऱ्याने घेतली म्हणून तुम्ही घेऊ नका. तुमचे दर, तुमचे किलोमीटर घाला. उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

बजाजलाही हा प्रश्न पडला होता

आकुर्डीच्या बजाज ऑटोचंच बघा. 1972 साली चेतक स्कूटर आली आणि घराघरात पोचली. एकेकाळी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. 2001 साली याच कंपनीने पल्सर आणली आणि ती मोटरसायकलची कंपनी होत गेली. 2009 च्या अखेरीस राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्ण बंद करायचं ठरवलं. वडील राहुल बजाज यांनी आपल्याला याचं वाईट वाटलं, दुःख झालं हे जाहीरपणे सांगितलं. तरी निर्णय बदलला नाही.

त्या निर्णयाबद्दल आजही दोन मतं आहेत, कारण गिअर नसलेल्या स्कूटरचा बाजार पुढे प्रचंड वाढला. पण गंमत पुढे आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये त्याच कंपनीने चेतक हेच नाव पुन्हा बाहेर काढलं आणि 2020 च्या सुरुवातीला इलेक्ट्रिक स्कूटर बाजारात आणली. जुलै 2024 मध्ये सीएनजीवर चालणारी मोटरसायकलही आणली. ज्यांच्या घरात स्कूटर हीच ओळख होती, त्यांनी ती सोडली आणि काळ बदलल्यावर वेगळ्या रूपात परत धरली. वाईट वाटणं एका बाजूला, निर्णय दुसऱ्या बाजूला. दोन्ही खरं असू शकतं.

किनाऱ्यावरच्या लोकांसाठी चार गोष्टी

शहरातले रिव्ह्यू बघून कोकणात गाडी घेऊ नका. आपले प्रश्न वेगळे आहेत.

*वीज.* 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. वाड्या आडव्या झाल्या, खांब पडले आणि कित्येक दिवस घरात दिवा नव्हता. असे दिवस रोज येत नाहीत, पण पावसाळ्यात रात्र-रात्र लाइट जाणं आपल्याला नवीन नाही. म्हणून घरात एक पेट्रोलची गाडी असू द्या, जुनी का असेना. माझी कॉलेजातली दीडशे सीसी अजून आहे. म्हसळ्याचा घाट, माणगावची खेप तिच्यावर. स्कूटरची बॅटरी पावसाळ्यात निम्म्याच्या खाली जाऊ देत नाही. वीज कडाडत असेल तेव्हा प्लग काढून ठेवतो.

*खारी हवा.* चेन, स्पोक, नटबोल्ट यांना गंज चढतो हे आपल्याला माहीतच आहे. इलेक्ट्रिकमध्ये वायरिंगचे जोड आणि चार्जिंगचं तोंड सांभाळा. गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, जोराच्या प्रेशरचा फवारा जोडांवर मारू नका. वाळूत गाडी घालायची नाही, कोणतीच.

*रेंज.* कंपनी सांगते तो चाचणीतला आकडा. तुम्ही पूर्ण माल लादून, तुमच्याच चढावर, तुमच्याच रस्त्यावर ट्रायल मागा. मिळालेल्या आकड्यातून पाव हिस्सा कमी करा आणि मग काम भागतंय का ते बघा.

*सर्व्हिस.* जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे? बंद पडलेली गाडी तिथे नेणार कशी, टेम्पोचं भाडं कोण देणार? बॅटरीची गॅरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर? हे तोंडी ऐकू नका, लेखी घ्या. आणि चार्जिंगचा पॉइंट छपराखाली, चांगल्या अर्थिंगचा, जाणत्या वायरमनकडून करून घ्या. सीएनजी बाइकचा विचार असेल तर पंप तुमच्या रोजच्या वाटेवर आहे का, हे आधी बघा.

आता तो शेवटचा रकाना

गाडी कोणी चालवली? माझ्या वहीत सातही दिवस एकच नाव होतं, माझं. बायकोकडे लायसन्स आहे, पण बुलेट तिला जड. दुकानातल्या मुलाच्या हातात ती द्यायला माझं मन होत नव्हतं. म्हणजे मी आजारी पडलो की डिलिव्हरी बंद. ट्रेनिंगला पुण्याला गेलो की डिलिव्हरी बंद. जी गाडी घरात एकच माणूस चालवू शकतो, तिच्यावर उभा असलेला धंदाही एकाच माणसाचा राहतो. पेट्रोलच्या हिशोबापेक्षा हा मुद्दा मला मोठा वाटला.

आज सकाळची फेरी बायको करते. पुढे पाय ठेवायच्या जागेत दुधाचा क्रेट बसतो, हूकला पिशवी लागते. एका होमस्टेवाल्या वहिनींनी तिलाच सांगितलं की पाहुण्यांना घरगुती फणसपापड हवे असतात. ही ऑर्डर मला कधी मिळाली नव्हती, कारण मी माल उतरवायचो आणि पुढे जायचो.

दुसरी गोष्ट भांडवलाची. मे महिन्यात कोकम, आगळ, फणसपापड, आमसुलं सगळं एकदम तयार होतं. तयार करणाऱ्या बायकांना पावसाआधी पैसे लागतात : शाकारणी, बी-बियाणं, मुलांच्या वह्या. त्यांना गणपतीनंतरचा वायदा चालत नाही. बुलेटचे पैसे स्कूटरला घालून जे उरले, ते मी या मे महिन्यात मालात घातले. पहिल्यांदाच सगळ्यांना हातावर रोख दिले. रोख मिळतात म्हटल्यावर चांगला माल आधी आपल्याकडे येतो, हे वेगळं सांगायला नको. दारात उभ्या गाडीतही भांडवल असतं मंडळी, ते ताळेबंदात दिसत नाही एवढंच.

मग आवडीचं काय?

ती जात नाही. विकायच्या दिवशी मी गाडी धुतली, टाकी भरून दिली आणि घेणाऱ्या पोराला चोक कधी द्यायचा ते दोनदा सांगितलं. आजही रस्त्यावर तो आवाज आला की मान वळते. स्कूटरला आवाजच नाही. वळणावर हॉर्न आठवणीने द्यावा लागतो, कारण गुरं आणि म्हातारी माणसं दचकतात. गिअर नाही, तरी डावा पाय अजून अधूनमधून काहीतरी शोधतो.

पण आवडीचा खर्च आवडीच्या पैशातून व्हावा, दुकानाच्या गल्ल्यातून नको. आम्ही एक डबा ठेवलाय. बॅटरीचे 750 बाजूला काढल्यावर उरणाऱ्या 1,500 मधले 500 त्यात पडतात. त्यातून वर्षातून एकदा भाड्याने मोठी बाइक घेऊन मनासारखं फिरायचं, किंवा पुढे कधी जुनी राजदूत नीट करून घ्यायची, ते त्यावेळी ठरवू.

तुमचं काम आजच सुरू करा. सात दिवस, चार रकाने : कुठे, किती, काय, कोण. आठव्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बसवून ते पान मोठ्याने वाचा. गाडी बदलायची की नाही, हे शोरूममधल्या माणसाच्या आधी तुमच्या वहीने सांगितलं पाहिजे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. हेल्मेट घाला, स्कूटरवरसुद्धा!