बिलावर भिवंडी, दाद मात्र आपल्याच जिल्ह्यात



गेल्या गळीत हंगामाच्या अखेरीस आमच्या गट कार्यालयात एक सभासद आले. हातात टी.व्ही.चं बिल होतं आणि तोंडावर नाराजी. उसाचा पहिला हप्ता बँकेत जमा झाला, तेव्हा मुलांच्या हट्टापायी त्यांनी मोबाईलवरून टी.व्ही. मागवला होता. चार महिने बरा चालला. मग पडद्यावर उभी काळी रेघ आली आणि आठ दिवसांत निम्मा पडदा गेला. विकणाऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "आमचं काम माल पोचवण्यापुरतं, कंपनीकडं जा." कंपनीचा माणूस घरी आला, मागची बाजू पाहिली आणि तोंडी सांगून गेला, "आत ओल गेलीय, वॉरंटीत बसत नाही." बिलावर पत्ता छापलेला होता भिवंडीचा. सभासदांनी आम्हांस विचारलं, "साहेब, आता भिवंडीला जाऊ, का नाद सोडून देऊ?"

आम्ही म्हणालो, दोन्ही नको. त्यांना जे सांगितलं तेच या अंकात सविस्तर देत आहोत, कारण अशी बिलं आता घरोघरी आहेत. बारा-पंधरा महिने ऊस सांभाळून हातात आलेला पैसा भंगारात जाऊ द्यायचा का, एवढाच यातला प्रश्न.

भिवंडीचा पत्ता येतो कुठून?

ठाणे जिल्ह्यातलं भिवंडी हे यंत्रमागाचं गाव म्हणून आपल्याला ठाऊक आहे. मात्र मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपास मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर या गावांच्या शिवारात मोठमोठी गोदामं उभी राहिली. कारण सरळ होतं. मुंबई हाकेच्या अंतरावर, जमीन मुंबईपेक्षा स्वस्त, आणि मुंबई महापालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर. पुढं १ जुलै २०१७ पासून जी.एस.टी. आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोदामं राहिली, उलट वाढली. मोबाईलवरून मागवलेला बराचसा माल तिथूनच निघतो, आणि माल जिथून निघतो तो पत्ता बिलावर येतो.

तेव्हा बिल हातात आलं की त्यावरची नावं वेगवेगळी वाचा. एक नाव विकणाऱ्याचं, एक पत्ता गोदामाचा. तिसरं नाव माल बनवणाऱ्या कंपनीचं, ते खोक्यावर असतं. ज्या संकेतस्थळावरून माल मागवला ते चौथं. गोदाम ही नुसती माल ठेवायची जागा. तिथं जाऊन फाटकावरच्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. आपला व्यवहार विकणाऱ्याशी आणि बनवणाऱ्याशी आहे. खोकं मात्र लगेच चुलीत घालू नका. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठीचा फोन क्रमांक खोक्यावर छापणं कायद्यानं सक्तीचं आहे.

विकणारा हात झटकू शकतो का?

नाही. गावच्या पेठेतला दुकानदार असो की मोबाईलवरचा विक्रेता, पैसे घेऊन बिल त्यानं दिलं आहे. मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणं, त्या मालाचा धंदा करणाऱ्यानं विकलेला माल विकण्यालायक प्रतीचा असला पाहिजे, ही अट बिलावर लिहिलेली नसली तरी गृहीत धरली जाते. त्यावर आता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि १९८६ चा जुना कायदा गेला. सदोष माल आणि सेवेतली कसूर, या दोन्हींबद्दल यात दाद मागता येते. दोष दूर करून द्या, वस्तू बदलून द्या, किंमत परत द्या, झालेल्या नुकसानीची भरपाई द्या, असे हुकूम आयोग देऊ शकतो.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी आपण लहानपणापासून वाचत आलो. पाटी लावली म्हणून कायदा पुसला जात नाही. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत परत न घेणं, आणि बिलात मुदतच नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं, ही या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिल न देणं हीसुद्धा तशीच प्रथा. म्हणून "बिल नको असेल तर पाचशे कमी करतो" म्हणणाऱ्याला हात जोडावेत. ते पाचशे रुपये पुढं फार महाग पडतात.

इथं एक गैरसमज काढून टाकू. मोबाईलवरच्या खरेदीत सात किंवा दहा दिवसांत माल परत करण्याची सवलत असते. ती मुदत संपली की हक्कच संपला असं अनेकजण समजतात. तसं नाही. ती परत करण्याची मुदत झाली. वॉरंटीची मुदत वेगळी, ती कार्डावर लिहिलेली असते आणि तिच्या आत दुरुस्ती मागता येते.

"ओल लागली", "व्होल्टेज कमी-जास्त झालं"

दुरुस्ती नाकारताना ही दोन कारणं फार पुढं केली जातात. आपण खरं तेही बोलू. आपल्याकडं लाईट कधी येते, कशी येते हे आपण जाणतो. व्होल्टेजनं जळालेलं, पाणी गेलेलं, पडून फुटलेलं सामान अनेक कंपन्यांच्या वॉरंटीत धरत नाहीत. कार्डावर तसं लिहिलेलं असेल आणि घडलंही तसंच असेल, तर आपली बाजू कमजोर आहे. पण घडलं नसताना नुसतं तोंडी कारण सांगून कोणी वाटेला लावत असेल, तर ते कबूल करायचं नाही. त्या माणसाला शांतपणे म्हणावं, "हेच जॉबशीटवर लिहून द्या. ओल कुठं आहे, कोणता भाग गेला, सगळं लिहा आणि सही करा." बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं टिकतं. तो लिहून देत नसेल, तर तारीख, वेळ आणि त्यानं काय सांगितलं हे आपणच वहीत मांडावं आणि वस्तूचे फोटो काढून ठेवावेत.

दुसरी गोष्ट, वॉरंटी चालू असताना गावातल्या ओळखीच्या मेकॅनिककडून वस्तू खोलून घेऊ नका. सील तुटलं की समोरच्याला आयतं कारण मिळतं. दोष बनावटीतला की वापरातला यावर वाद झाला, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडं तपासायला पाठवू शकतो. त्यासाठी वस्तू आहे तशी राहिली पाहिजे.

करायचं काय?

(१) बिल, वॉरंटी कार्ड, खोकं आणि पैसे भरल्याचा पुरावा एका पिशवीत ठेवावा. उष्णतेनं अक्षर उमटणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या बिलावरची अक्षरं वर्षभरात उडतात. म्हणून पहिल्याच दिवशी झेरॉक्स काढावी.

(२) कंपनीकडं तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा. मोबाईलवरून माल घेतला असेल, तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडंही तक्रार करावी. २०२० च्या नियमांप्रमाणं त्यानं ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण द्यायचं असतं.

(३) १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करावा. मराठीतही बोलता येतं. ही हेल्पलाईन म्हणजे न्यायालय नव्हे, तिला हुकूम काढता येत नाही. पण ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि पुष्कळदा तेवढ्यानंही काम होतं.

(४) तरी दाद लागली नाही, तर विकणारा आणि बनवणारा दोघांनाही लेखी पत्र स्पीड पोस्टानं पाठवून पोचीचा पुरावा जपावा. मजकूर असा ठेवावा:

"मी दिनांक … रोजी आपणाकडून बिल क्रमांक … अन्वये … रुपयांस … ही वस्तू विकत घेतली. दिनांक … पासून तिच्यात … हा दोष आहे. तक्रार क्रमांक … नोंदवूनही दुरुस्ती झालेली नाही. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत वस्तू विनामूल्य दुरुस्त करून द्यावी, ते शक्य नसल्यास बदलून द्यावी अथवा किंमत परत करावी. अन्यथा मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल."

आयोग कुठला?

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. १९८६ च्या कायद्यात विरुद्ध पक्ष जिथं राहतो किंवा धंदा करतो, अथवा जिथं तक्रारीचं कारण घडलं, तिथं तक्रार करावी लागे. लांबच्या विक्रेत्याबरोबर तक्रार कुठं चालवायची, यावरच वाद होत. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नं ही अडचण काढली. तक्रारदार स्वतः जिथं राहतो किंवा पोटापाण्याचा उद्योग करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडंही तक्रार देता येते. भिवंडीच्या रहिवाशाला ठाण्याचा आयोग, तसा आपल्याला आपल्या जिल्ह्याचा. गोदाम कुठंही असो, विकणाऱ्यानं इथं येऊन उत्तर द्यायचं.

वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग चालतो. ५ लाखांपर्यंत फी नाही. वकील दिलाच पाहिजे असंही नाही, तक्रारदाराला स्वतः बाजू मांडता येते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल होते. अर्ज केल्यास दृक्‌श्राव्य पद्धतीनं सुनावणीही मिळू शकते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. निकाल ३ महिन्यांत, आणि वस्तू तपासायची असल्यास ५ महिन्यांत लावावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागतो हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी निराश होणार नाही. हुकूम होऊनही कोणी तो पाळला नाही, तर तुरुंगवास किंवा दंडाची तरतूद आहे.

तक्रारीची मुदत मात्र २ वर्षं, कारण घडल्यापासून. आमच्या एका सभासदांनी मोटारीला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला होता. तो बिघडला, दुकानदार ओळखीचा, "पुढच्या आठवड्यात बघतो" म्हणत राहिला आणि हे शब्दावर थांबले. कागद एकही नाही. सव्वादोन वर्षांनी आमच्याकडं आले, तेव्हा हात चोळण्यापलीकडं फारसं काही उरलं नव्हतं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण भिडेखातर थांबलो हे कारण टिकणं अवघड.

शेतीच्या वस्तूंचं काय?

व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही. मग स्टार्टर, पंपाचं पॅनेल, वजनकाटा यांचं काय, असा प्रश्न येतो. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत, हे कायद्यातच लिहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयानंही १९९५ साली ते स्पष्ट केलं, आणि २०१२ साली बियाण्यांच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहक आहे असं सांगितलं. भिवंडीचंच उदाहरण घ्या. स्वतःच्या दोन मागांवर स्वतः बसणारा विणकर या व्याख्येत बसतो. शंभर माग लावून कामगारांकडून कापड काढणारा कारखानदार बसणं कठीण.

तक्रारीत विकणारा आणि बनवणारा दोघांनाही सामील करावं. गोव्यातल्या एका मोटारगाडीच्या प्रकरणात, डीलरनं जुन्या सालची गाडी नवी म्हणून गळ्यात मारली होती. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डीलर स्वतंत्र व्यापारी असेल आणि कंपनीला त्याच्या करणीची माहिती नसेल, तर त्याच्या लबाडीचा बोजा कंपनीवर पडत नाही, असा निकाल २०२१ साली लागला. म्हणून कोणाचा दोष किती हे आयोगाला ठरवू द्यावं. आपण एकालाच धरून बसू नये.

एकाचं काम नव्हे

एकाच बनावटीचा स्टार्टर दहा सभासदांनी घेतला आणि दहांचाही तोच भाग जळाला, तर आयोगाच्या परवानगीनं सर्वांच्या वतीनं एकत्र तक्रार देता येते. ही वाट आपल्याला नवी नाही. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, तो एकटा शेतकरी बाजारात टिकत नाही हे ओळखूनच. पुढं १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत काढली, तिच्यामागंही हाच विचार होता. माल पिकवणारा संघटित झाला, तसा माल घेणाराही झाला पाहिजे.

आणि हा न्याय आम्हांलाही लागू आहे. कारखान्याच्या ग्राहक भांडारातून घेतलेली वस्तू सदोष निघाली, तर आपलाच कारखाना म्हणून गप्प बसू नका. बिल घेऊन या. आम्ही ऐकलं नाही तर आयोगाचा रस्ता तोच आहे.

सुरुवातीला सांगितलेल्या सभासदांचं काय झालं, तेही सांगतो. त्यांनी वरच्यासारखं पत्र दोघांनाही पाठवलं आणि ओल कुठं होती ते लेखी मागितलं. कंपनीचा दुसरा माणूस आला, त्यानं टी.व्ही. उघडला, ओलीचा विषय काढला नाही आणि पडदा फुकट बदलून दिला. भिवंडीला जावं लागलं नाही. खर्च झाला तो दोन पत्रांच्या टपालाचा.

बिलं जपून ठेवा. ज्यांना पत्र लिहिण्यास मदत हवी असेल, त्यांनी कागदपत्रांसह आपल्या गट कार्यालयात यावं.