उन्हाळ्याची रोजकीर्द

फाल्गुन सरत आला, रानातला पळस फुलून गळू लागला, म्हणजे लिहिण्याचा नाद असलेल्या प्रापंचिक माणसाच्या दारात तीन तगादे एकदमच येऊन उभे राहतात. कचेरीतला मार्चअखेरचा ताळेबंद, मुलांच्या वार्षिक परीक्षा आणि वर्षाच्या वाळवणाची तजवीज हा पहिला; सुट्टीत गाठावयाचे आजोळ, कुलदैवत किंवा थंड हवेचे ठिकाण हा दुसरा; आणि हिवाळाभर अर्धवट पडून राहिलेला लेख हा तिसरा. यांपैकी तिसऱ्याची मुदत वाढवून मिळते, म्हणून तोच सदैव मागे ढकलला जातो.

पहिल्याची मुदत किती काटेकोर असते हे कुरडयांवरून कळते. गहू तीन दिवस भिजत घालावयाचा, पाणी रोज बदलावयाचे, मग तो वाटून, गाळून, चीक रात्रभर निवळत ठेवावयाचा आणि वरचे पाणी अलगद ओतून देऊन भल्या पहाटे शिजवावयास घ्यावयाचा; कारण तो गरम असतानाच सोऱ्यातून पाडावा लागतो आणि ऊन चढण्याच्या आत गच्चीवरचे काम उरकावे लागते. जिच्यावर हा भार असतो तिची चैत्रातली पहाट, म्हणजे लेखनाला अत्यंत अनुकूल म्हणून वाखाणलेली घटका, तिची स्वतःची नसते. रोज नेमक्या वेळी लिहावयास बसावे हा नियम अशा घरात टिकत नाही, आणि तो मोडला म्हणून कोणी स्वतःस अपराधी मानू नये, असे मला मनापासून वाटते. बहिणाबाई चौधरी जात्यावर आणि शेतात काम करता करताच गात राहिल्या. अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, जपली आणि १९५२ साली, तिच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आली.

यावर मला सुचणारा उपाय जुन्या पेढीवरचा आहे. तेथे दोन वह्या असत. रोजकीर्दीत ज्या दिवशीचा व्यवहार त्याच दिवशी, घडेल त्या क्रमाने, मांडला जाई. आणि पुढे सवडीने त्यातील रकमा खात्याखात्यांवर चढवून खतावणी तयार होई. प्रवासात खतावणी लिहू पाहणारा माणूस ना धड प्रवास करतो ना धड लेखन. पण कीर्द चुकवणाऱ्याला पुढे खात्यावर चढवावयास काही उरतच नाही.

दोहोंतील अंतर केवढे असू शकते, हे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’वरून ध्यानात येते. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ च्या मार्चमध्ये, ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी, काकांना बरोबर घेऊन उत्तरेकडे निघाला, तो देशाटनाच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कानी आली होती. दक्षिणा मिळाली तर ऋण फिटेल, एवढाच हिशेब. म्हणजे प्रवासाला त्यांना प्रपंचानेच धाडले होते. वाटेत बंडाचा वणवा पेटला. पुढच्या वर्षीच्या चैत्रात झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. परंतु हे सारे कागदावर उतरले १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहामुळे, आणि छापून निघाले १९०७ साली. सुमारे पंचवीस वर्षे तो प्रवास त्या घरात, पूजापाठ आणि संसार चालू असता, निवळत राहिला होता. मात्र गोडसेभटजींची स्मृती पाठांतराने घोटलेली होती. आपली तशी नाही, म्हणून आपल्याला कीर्द हवी.

या कीर्दीस खिशात मावेल अशी वही पुरते. मुक्कामी पोहोचल्यावर, अंथरुणावर पाठ टेकण्यापूर्वी, गावाचे नाव, मोजलेले भाडे, खाल्लेला पदार्थ आणि कानी पडलेला एखादा अनोळखी शब्द त्याच बोलीत लिहावा. ‘रमणीय’, ‘अविस्मरणीय’ ही विशेषणे टाळावीत, कारण चार महिन्यांनी ती वाचताना डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. छायाचित्राने हे काम भागेल असे अनेकांना वाटते. पण त्यात वाऱ्याचा वास येत नाही, आणि भाव सांगणाऱ्या बाईचा हेलही येत नाही.

गेल्या वैशाखात घाटातल्या एका थांब्यावर एक म्हातारी पानांच्या द्रोणांतून करवंदे विकत होती. टोपलीवर तिने ओले फडके पसरले होते, आणि ते वाळले की ती आपल्या पिण्याच्या तांब्यातले पाणी त्यावर शिंपडी. वहीत एवढ्या दोनच ओळी आहेत. घरी परतल्यावर सांडगे, लोणची, मुलांच्या शाळा यांत आषाढ उजाडला. डबे भरून झाले, पाऊस लागला, आणि एका दुपारी वही उघडली तेव्हा त्या तांब्यात तिच्यासाठी किती पाणी उरले असेल, हा प्रश्न मला प्रथमच पडला.