फुगराय
फुगराय : जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील आउग्सबुर्ग शहरामधील गरिबांची ऐतिहासिक वसाहत. अद्याप वापरात असलेली ही जगातील सर्वांत जुनी सामाजिक गृहवसाहत मानतात. धनाढ्य सावकार याकोप फुगर याने १५२१ मध्ये गरजू कॅथलिक नगरवासीयांसाठी तिची विधिवत स्थापना केली. वार्षिक भाडे एक ऱ्हेनिश गुल्डन ठरले. ते कधीच वाढले नाही. आज ते ०.८८ यूरो भरते. प्रवाशांचे प्रवेशशुल्क मात्र त्याच्या कितीतरी पट आहे. खरे मोल प्रार्थनेचे : फुगर घराण्यासाठी रहिवाशांनी रोज तीन प्रार्थना म्हणाव्यात, अशी अट आहे. संगीतकार मोट्सार्टचा पणजोबा, गवंडी फ्रान्ट्स, येथेच राहत असे. १९४४ च्या बाँबहल्ल्यात बरीचशी वसाहत उद्ध्वस्त झाली. युद्धोत्तर काळात ती पुन्हा बांधण्यात आली. रात्री दहाला दरवाजे बंद होतात व उशिरा येणारास पहारेकऱ्याकडे किरकोळ रक्कम भरावी लागते.