नटांची मुले, स्टुडिओची मुले : ‘बेब्ज इन आर्म्स’

‘बेब्ज इन आर्म्स’ हा एमजीएम स्टुडिओचा संगीतपट ऑक्टोबर १९३९मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शन बझ्बी बर्कली यांचे, निर्मिती आर्थर फ्रीड यांची आणि प्रमुख भूमिका मिकी रूनी व ज्युडी गार्लंड यांच्या. हाताशी पैसा नसलेली मुले स्वतःच नाटक बसवतात आणि मोठ्यांना आपली लायकी दाखवतात, हे कथासूत्र हॉलिवूडमध्ये रूढ झाले ते प्रामुख्याने या चित्रपटामुळे. त्यातली मुले नटांची होती. ती साकारणारे रूनी आणि गार्लंड प्रत्यक्षातही रंगमंचावरच्या आईबापांच्या पोटी जन्मले होते आणि चित्रीकरणाच्या वेळी स्टुडिओचे पगारी नोकर होते.

मूळ नाटक

चित्रपटाचा आधार म्हणजे रिचर्ड रॉजर्स आणि लॉरेन्झ हार्ट यांचे याच नावाचे संगीत नाटक. ते १४ एप्रिल १९३७ रोजी न्यूयॉर्कच्या शूबर्ट थिएटरात रंगमंचावर आले आणि त्याचे २८९ प्रयोग झाले. नृत्ये जॉर्ज बॅलन्शिन यांनी बसवली होती. ‘माय फनी व्हॅलेंटाइन’, ‘द लेडी इज अ ट्रॅम्प’, ‘व्हेअर ऑर व्हेन’ ही पुढे जगभर गायली गेलेली गाणी या एकाच नाटकातली.

नाटकाला महामंदीची पार्श्वभूमी होती. आईवडील दौऱ्यावर गेलेली मुले सक्तीच्या श्रमशेतीवर जाण्याचे टाळण्यासाठी नाटक करतात, हा त्याचा कणा. त्यात एक कम्युनिस्ट मुलगा होता. दक्षिणेतून आलेला एक श्रीमंत मुलगा दोन कृष्णवर्णीय भावांना रंगमंचावर येऊ देण्यास विरोध करतो, असा प्रसंगही होता. त्या भावांच्या भूमिका फेयार्ड आणि हॅरोल्ड निकोलस या नर्तकबंधूंनी केल्या होत्या.

पडद्यावर येताना

आर्थर फ्रीड हे मुळात गीतकार. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’च्या निर्मितीत त्यांनी श्रेयनामावलीबाहेर राहून काम केले होते, निर्माता म्हणून त्यांचे नाव पडद्यावर प्रथम झळकले ते ‘बेब्ज इन आर्म्स’मध्ये. जॅक मॅकगोवन आणि के व्हॅन रायपर यांच्या पटकथेत राजकारण आणि वर्णद्वेषाचा धागा उरला नाही. निकोलस बंधूंच्या भूमिकाही गेल्या. रॉजर्स-हार्ट यांच्या गाण्यांपैकी शीर्षकगीत आणि ‘व्हेअर ऑर व्हेन’ ही दोनच गायली गेली. ‘द लेडी इज अ ट्रॅम्प’ची फक्त धून पार्श्वसंगीतात राहिली. रिकाम्या जागी फ्रीड आणि संगीतकार नॅसियो हर्ब ब्राउन यांचे ‘गुड मॉर्निंग’ आले, तर हॅरोल्ड आर्लन व यिप हारबर्ग यांचे ‘गॉड्स कंट्री’ शेवटच्या देशभक्तिपर दृश्यासाठी घेतले गेले.

नव्या कथेचा भर व्होडव्हिलच्या अस्तावर होता. गाणी, नकला, कसरती, जादू, प्राण्यांचे खेळ असे सगळे एका तिकिटात दाखवणाऱ्या या फिरत्या रंगभूमीवर अमेरिकेत हजारो कुटुंबांचे पोट चाले. १९२७मध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला, पाठोपाठ बोलपटांची लाट आली आणि महामंदीने उरलेसुरले प्रेक्षकही तोडले. व्होडव्हिलची पंढरी समजले जाणारे न्यूयॉर्कचे पॅलेस थिएटर १९३२मध्ये चित्रपटगृह झाले. चित्रपटातला नायक मिकी मोरन हा अशाच एका नटाचा मुलगा. जुने कलावंत पुन्हा दौऱ्यावर निघतात, पण मुलांना बरोबर नेत नाहीत. समाजसेवेचा आव आणणारी मार्था स्टील मुलांना सरकारी कामशाळेत पाठवू पाहते. ही भूमिका ‘ऑझ’मधली दुष्ट चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन यांनी केली. न्यायाधीशांकडून मुदत मिळवून मिकी नाटक बसवतो. पैशासाठी तो एका माजी बालतारकेला नायिका करतो आणि पॅट्सी, म्हणजे गार्लंड, दुखावते. ऐन प्रयोगाच्या रात्री बालतारकेला तिचे वडील घेऊन जातात, पॅट्सी उभी राहते आणि वादळ प्रयोग उधळून लावते. अखेर एक निर्माता ते नाटक न्यूयॉर्कला नेतो आणि मिकीच्या वडिलांनाही तिथे काम मिळते.

वॉर्नर ब्रदर्सकडे ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’सारख्या चित्रपटांत बर्कली यांनी छताजवळून टिपलेल्या नर्तिकांच्या भौमितिक रचनांनी नाव मिळवले होते. इथे त्यांनी ती शैली आवरती घेतली. शीर्षकगीतात मुले रस्त्याने संचलन करीत जातात, वाटेत गर्दी वाढत जाते आणि शेवटी होळी पेटते. समूह हलवण्याचे बर्कली यांचे कसब इथे कथेच्याच कामी आले आहे.

प्रयोग बुडतो त्या दृश्यात रूनी आणि गार्लंड चेहरे काळे रंगवून कृष्णवर्णीयांची नक्कल करतात. मिन्स्ट्रेल नावाचा हा प्रकार तेव्हाच्या करमणुकीत सर्रास चाले. कृष्णवर्णीय पात्रे वगळलेल्या चित्रपटात ही नक्कल मात्र राहिली, हा आज त्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे.

पडद्यामागची मुले

रूनी १९२० साली ब्रुकलिनमध्ये व्होडव्हिल कलावंतांच्या घरी जन्मले आणि दोन वर्षांचे होण्याआधीच रंगमंचावर आले. १९२२ साली जन्मलेल्या गार्लंड यांचे मूळ नाव फ्रान्सिस गम. मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्समध्ये वडील चालवत असलेल्या थिएटरात त्या अडीच वर्षांच्या असताना गायल्या, पुढे बहिणींबरोबर व्होडव्हिलचे दौरे केले आणि १९३५मध्ये एमजीएमशी करारबद्ध झाल्या. १९३९च्या मे ते जुलैमध्ये हा चित्रपट तयार होत असताना रूनी अठरा वर्षांचे होते. गार्लंड यांनी चित्रीकरणादरम्यानच सतरावे वर्ष पूर्ण केले. अल्पवयीन नटांना स्टुडिओतल्या शाळेत हजेरी लावणे कायद्याने बंधनकारक होते. वजन ताब्यात ठेवण्यासाठी आणि कामाचा ताण निभावण्यासाठी स्टुडिओत गोळ्या दिल्या जात, असे गार्लंड यांनी पुढे सांगितले. त्या औषधांचे व्यसन त्यांना आयुष्यभर सुटले नाही.

बालकलावंतांच्या कमाईचा प्रश्नही याच काळात ऐरणीवर होता. चॅप्लिन यांच्या ‘द किड’मधल्या जॅकी कूगन यांनी लहानपणी मिळवलेले लाखो डॉलर आई आणि सावत्र वडिलांनी खर्चून टाकले होते. कूगन यांनी १९३८मध्ये दावा लावला आणि त्यांच्या हाती जेमतेम सव्वा लाख डॉलर आले. त्यातून कॅलिफोर्नियात १९३९ साली ‘कूगन कायदा’ झाला. मुलांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याची तरतूद त्यात होती, परंतु तो न्यायालयाने मंजूर केलेल्या करारांनाच लागू असल्याने पळवाटा राहिल्या. २०००मध्ये त्यात मोठी सुधारणा करावी लागली.

यश आणि पुढचा प्रवास

चित्रपटाला सुमारे साडेसात लाख डॉलर खर्च आला आणि उत्पन्न ३३ लाखांवर गेले. त्याच वर्षीच्या ‘ऑझ’ने पहिल्या फेरीत जवळपास ३० लाख मिळवले, पण त्याच्या निर्मितीवरच सुमारे २८ लाख खर्च झाल्याने स्टुडिओला तोटा झाला होता. कमी खर्चातल्या यशामुळे फ्रीड यांचे स्थान पक्के झाले. त्यांच्या हाताखालच्या चमूने पुढे ‘मीट मी इन सेंट लुइस’ आणि ‘सिंगिन इन द रेन’ हे संगीतपट केले. ‘गुड मॉर्निंग’ हे गाणे १९५२मध्ये याच दुसऱ्या चित्रपटात पुन्हा वापरले गेले. रूनी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले, तर गार्लंड यांना त्या वर्षीच्या कामासाठी बालकलाकारांचे विशेष ऑस्कर.

स्टुडिओने हाच साचा ‘स्ट्राइक अप द बँड’ (१९४०), ‘बेब्ज ऑन ब्रॉडवे’ (१९४१) आणि ‘गर्ल क्रेझी’ (१९४३) यांत पुन्हा वापरला. शेवटचा चित्रपट अर्ध्यावर असताना बर्कली यांच्या जागी नॉर्मन टॉरोग यांना आणण्यात आले. ‘बेब्ज इन आर्म्स’च्या शेवटी रूनी आणि गार्लंड अध्यक्ष रूझवेल्ट दांपत्याची नक्कल करतात, रूझवेल्ट यांच्या निधनानंतर तो भाग कापला गेला आणि कित्येक वर्षांनी पुन्हा जोडला गेला. मूळ नाटकाचीही १९५९मध्ये राजकारण गाळलेली आवृत्ती तयार झाली आणि पुढे बराच काळ तीच खेळली गेली.

चित्रपटातून वगळलेल्या गाण्यांना मात्र स्वतंत्र आयुष्य लाभले. रॉजर्स-हार्ट यांच्या जीवनावरच्या ‘वर्ड्स अँड म्युझिक’ (१९४८) या चित्रपटात रूनी यांनी हार्ट यांची भूमिका केली आणि १९३९मध्ये गाळलेले ‘आय विश आय वेअर इन लव्ह अगेन’ गार्लंड यांच्यासह गायले. दोघे एकत्र आलेला तो शेवटचा चित्रपट.